सकाळचा दिवा खोटा, दुपारचा खरा

गेल्या महिन्यात जावयाच्या गाडीत पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असलेला. जावई पुण्याला संगणकाच्या कामात आहे, त्यामुळे तो घाबरला नाही. त्याने काडेपेटीएवढं एक यंत्र स्टिअरिंगखाली खोचलं, मोबाइल उघडला आणि दारातल्या दारात मला वाचून दाखवलं की धुराच्या नळीवरचा अमुक सेन्सर गेलाय. "बाबा, तुमच्या वेळी हे असतं तर?" असं वर विचारलं. मी म्हणालो, आमच्या वेळी गाडी एवढं बोलत नव्हती. एक तांबडा दिवा होता, तो नुसता ओरडायचा. का ओरडतोय ते आपण ओळखायचं.

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून संपादक मागे लागले तेव्हा हाच तांबडा दिवा डोक्यात होता. तो आधी समजावून देतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

सत्तरच्या दशकात अँबॅसिडरच्या डॅशबोर्डवर हरभऱ्याएवढा तांबडा दिवा असे. इंजिनात तेल फिरवणारा पंप असतो. तेलाला दाब आहे तोवर दिवा विझलेला, दाब गेला की दिवा लागला. ही खबर द्यायला इंजिनाच्या कुशीत अंगठ्याएवढा एक स्विच बसवलेला असतो. त्याच्या टोकाला खुंटी, खुंटीला एक वायर, ती वायर थेट दिव्यापर्यंत. दाब नसला की स्विच ती वायर इंजिनाच्या लोखंडाला जोडतो आणि दिवा पेटतो. किल्ली फिरवली की दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झालं की विझायला हवा. विझला नाही तर तीनच शक्यता. तेल नाही, किंवा पंप तेल ढकलत नाही, किंवा स्विच नाहीतर वायर खोटं बोलतेय. पहिल्या दोनांपैकी काही असेल आणि तुम्ही गाडी तशीच दामटलीत, तर थोड्याच वेळात इंजिन आतल्या आत धरतं, म्हणजे जाम होतं. तिसरी असेल तर खुशाल मुंबईपर्यंत जा. म्हणजे दिवा खरा की खोटा हे ओळखलं की निम्मं काम झालं.

गिऱ्हाइकांना ते ओळखायचं नसे, त्यांना दिवा दिसायला नको असे. शिरूरच्या एका वकिलांनी डोळ्यांना त्रास होतो म्हणून बल्बच काढून खिशात ठेवला होता. एका अडत्याने बरोबर दिव्यावर देवीचा फोटो चिकटवला. "आता ती बघून घेईल," म्हणाला. शिक्रापूरच्या पुढे इंजिन धरलं तेव्हा तो फोटोकडे बघत रस्त्याकडेला बसला होता. मी गाडी ओढून आणताना गालातल्या गालात हसलो हे कबूल करतो.

माझं नाव किसन. माझा बाप दौंडच्या लोको शेडमध्ये खलाशी होता. वाफेच्या इंजिनाची चाकं थांबली की बाप उलट्या हाताने आसाची पेटी चाचपायचा आणि तेल आहे की नाही ते सांगायचा. तळहात चटका सोसतो आणि फसतो, हाताची मागची बाजू खरं सांगते, हे मी त्याच्याकडून शिकलो. शेडमध्ये मला चिकटता आलं नाही. मग शिरूरला नगर रोडच्या कडेला पत्र्याची शेड टाकली आणि मोटारी दुरुस्त करू लागलो. आम्ही छप्पन्न साली बाबासाहेबांबरोबर धर्म बदललेली माणसं. गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी ते मला विसरू देत नसे. गाडी माझ्याकडे यायची, पण चहा शेजारच्या हॉटेलातून वेगळ्या कपात यायचा.

वर्षातून एक दिवस मात्र शिरूर तालुक्यात माझ्यासारखा मिस्त्री दुसरा नसे. खंडेनवमीचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळे कारागीर आपापली हत्यारं धुऊन पुसून मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची फुलं वाहतात. एकदा पूजा झाली की दसऱ्याला ती उतरेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. पाने, पकडी, हातोडे सगळे पाटावर. माझे पाने पिशवीतच असत, कारण मी ती पूजा सोडली होती. त्यामुळे खंडेनवमीला बंद पडलेली प्रत्येक गाडी माझ्या दारात येई. एरवी माझ्या शेडकडे न बघणारी माणसं त्या दिवशी नाव घेऊन हाक मारत. मला त्याची मजा वाटे, आणि थोडा माजही होता.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. त्या खंडेनवमीला अकराच्या सुमाराला निमोण्याचे आबा पाटील फटफटीवरून आले. पन्नाशीचा, भारदस्त माणूस. गावची सोसायटी त्यांच्या शब्दावर चाले. ते आधी तीन गॅरेज हिंडून आले होते हे त्यांच्या तोंडावरूनच कळत होतं.

"किसन, तुझी हत्यारं पूजेत हायेत का?"

"माझी नसतात, आबा. तुम्हाला ठाऊक हाय."

"म्हनूनच आलो. बस पाठीमागं."

वाटेत वाऱ्यात ओरडून ओरडून त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची थोरली मुलगी विमल मॅट्रिक झालेली. तिला नागपूरच्या एका इस्पितळात नर्सिंगच्या शिक्षणाला जागा मिळाली होती. पत्र फिरत फिरत उशिरा आलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाली नाही तर जागा दुसरीला. वेळेत पोचवणारी गाडी एकच, दौंडहून दुपारी चारची. तिचा मामा नागपुरात स्टेशनवर येणार होता. आबांना दसऱ्याला सोनं लुटायचा मान, त्यामुळे त्यांना गाव सोडता येत नव्हतं. पोरगी बायकांच्या डब्यातून एकटी जाणार होती. आणि आता सकाळी पूजा करून मोटार सुरू केली तर तांबडा दिवा विझेना.

"माझ्या आईनं पोरीला धरून ठिवलंय," ते म्हणाले. "देवानंच दिवा लावला म्हनती. जाऊ नगं म्हंतोय. आज न्हाई गेली तर दिवाळीमागं लगीन करून टाकायचं, असं ठरलंय घरात."

"आन् तुमचं काय म्हणणं, आबा?"

ते फटफटी जोरात चालवत राहिले.

निमोण्याच्या वाड्यापुढे अंगणात अँबॅसिडर उभी होती. चाकांखाली लिंबं, काचेला हळदकुंकवाची बोटं, बॉनेटवर हा एवढा झेंडूचा हार. आबांची आई ओट्यावर बसली होती. तिला सगळे आक्का म्हणत. सत्तरीची, सरळ कण्याची बाई. विमल चाकाजवळ पत्र्याची ट्रंक घेऊन उभी होती. रडून रडून डोळे सुजले होते, पण आता ती रडत नव्हती. माझ्या पिशवीकडे बघत होती. शेजारपाजारची दहा-पंधरा माणसं जमलेली.

मी बॉनेटकडे हात नेला तशी आक्का म्हणाली, "थांब. हार उद्याच्याला उतरायचा. तवर हाराला कुनी हात लावायचा न्हाई. आन् ह्यानं तर मुळीच न्हाई."

'ह्यानं' म्हणजे का, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं आणि अंगणातल्या सगळ्यांना माहीत होतं. माझे कान तापले. पिशवी उचलून सरळ चालू लागावं असं वाटलं. पण ती पोरगी माझ्याकडे बघत होती.

"बरं," मी म्हणालो. "मी हात लावत न्हाई. आबा, तुम्ही लावा."

मी हात पाठीमागे बांधले आणि सांगत गेलो. आबांनी हार न हलवता बॉनेट वर केलं. आत आणखी एक हार होता, एअर क्लीनरला गुंडाळून खाली सोडलेला. तेलाची पट्टी काढायला लावली. तेल खुणेपर्यंत काठोकाठ. इंजिन सुरू करायला लावलं. दिवा तसाच, लालभडक. मी वाकून कान दिला. दाब नसलेलं इंजिन आत ठोके देतं, कोरडं खडखडतं. हे इंजिन घड्याळासारखं चालत होतं. मग मी नुसत्या डोळ्यांनी हाराचा माग काढला. फुलं ओवली होती बाइंडिंगच्या उघड्या तारेत. तारेचं एक टोक एअर क्लीनरच्या पत्र्याला वेढा घालून बांधलेलं. दुसरं टोक कुठे अडकवावं म्हणून बांधणाऱ्याने खाली चाचपलं असेल, तेव्हा हाताला आयती खुंटी लागली. ऑईलच्या स्विचची. स्विचने जे दाब गेल्यावर करायचं ते हाराची तार सकाळपासून करत होती.

मला हसू आलं, पण आता हे बोलायला हवं होतं.

"आक्का, आत हार कुणी बांधला?"

"म्या," आक्का म्हणाली. "बाहीर घातला आन् काळजाला घालायचा न्हाई व्हय?"

"त्या हाराची तार खुंटीला लागलीय. म्हणून दिवा लागतोय. गाडीला काही झालं न्हाई."

"माझ्या हारानं दिवा लागला म्हंतोस?" आक्काने सावकाश विचारलं.

"हारानं न्हाई. तारेनं."

"मग उद्या सकाळी हार उतरला की दिवा जाईल. उद्या बघू."

उद्या म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. आबा आईकडे बघत होते आणि त्यांच्या हातून काही होईना. सोसायटीत अख्ख्या गावाला गप्प बसवणारा माणूस. मी मनगटावरच्या घड्याळात बघितलं, साडेबारा होऊन गेले होते.

विमल पुढे आली. तिने चपला काढल्या, इंजिनाला हात जोडले आणि तारेचा वेढा सोडवायला लागली. तारेचं एक टोक तळहातात घुसलंसुद्धा. "इमल!" आक्का ओरडली. ती थांबली नाही. हार सगळा मोकळा करून तिने तो दोन्ही हातांवर आडवा घेतला, घरात गेली आणि देवघराच्या उंबऱ्यावर ठेवून परत आली.

आबांनी किल्ली फिरवली. दिवा लागला. इंजिन सुरू झालं, दिवा विझला. गर्दीतून कुणीतरी "आयला" म्हणालं.

आक्का हरणाऱ्यातली नव्हती. ती ओट्यावरून उतरून आली आणि मला म्हणाली, "तार काडली, दिवा मेला. मग आता तेल फिरतंय म्हनून दिवा मेला, का दिवाच बिगडून मेला, हे कसं वळखायचं?"

इतक्या वर्षांत मला कुणा गिऱ्हाइकाने इतका नेमका प्रश्न विचारला नाही. उत्तर सोपं होतं. किल्ली फिरवल्यावर दिवा लागला होता, म्हणजे दिवाही ठीक आणि स्विचही ठीक. तेवढं सांगून निघायचं. पण मला तिला हरवायचं होतं. "ह्यानं तर मुळीच न्हाई" हे माझ्या कानात वाजत होतं. मी म्हणालो, "दाखवतो. आता तरी हात लावू का?"

तिने मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. मी पाना लावून स्विच उघडला आणि आबांना नुसता स्टार्टर मारायला सांगितलं. भोकातून काळं तेल पिचकारीसारखं उडालं आणि अंगणाच्या शेणसड्यावर पडलं. "हे बघा तेल. हा बघा दाब," मी म्हणालो. बायामाणसं मागे सरली. आक्का त्या तेलाकडे बघत राहिली. मला फार बरं वाटलं.

मी स्विच पुन्हा भोकात बसवला, बोटांनी फिरवत फिरवत घट्ट केला. इतक्यात आबांनी हॉर्न दिला. "किसन, बस! तू बी चल, वाटंत काय झालं तर!" विमल आक्काच्या पाया पडली. आक्काने पाय मागे घेतले नाहीत. मी बॉनेट आपटलं आणि पुढच्या सीटवर बसलो.

दौंडचा रस्ता तेव्हा रस्ता म्हणावा असा नव्हता. खड्डे, धुरळा, वाटेत ना पंप ना गॅरेज. आबा जोरात हाणत होते. विमल मागे ट्रंकेवर हात ठेवून बसली होती. तासभर दिवा विझलेला राहिला. मग एका ओढ्याच्या उतारावर गाडी हळू झाली आणि तो क्षणभर चमकला. मला वाटलं भास झाला. पुढच्या वळणावर पुन्हा. चढाला लागलो आणि तो लागला तो लागलाच.

"बंद करा! आबा, इंजिन बंद करा, आत्ता!"

गाडी घरंगळत कडेला थांबली. आबा माझ्याकडे वळले. "दिवा खोटा हाय म्हनालास न्हवं?"

"सकाळचा खोटा व्हता. ह्यो खरा हाय."

बॉनेट उघडायच्या आधीच मला कळलं होतं. जळक्या तेलाचा वास येत होता. इंजिनाची एक बाजू तेलाने न्हाऊन निघालेली, स्विच नुसत्या बोटांच्या जोरावर, आटे ढिले, आणि त्यातून तेल पाझरत आलेलं. आवळताना पाना मी लावलाच नव्हता. तो माझ्या खिशात होता. पट्टी काढली तर टोकाला जेमतेम ओल.

शिरूरच्या इतर मिस्त्रींकडून नट ढिला राहिला तर लोक म्हणत, राहिला असेल घाईत. माझ्या हातून राहिला तर ती चूक एकट्या किसनची राहणार नव्हती. आमच्या सगळ्या वस्तीच्या माथी ती मारली गेली असती. आणि वर आक्काचा देव खरा ठरला असता. दोनदा दिवा लागला, म्हणजे पोरीने जाऊ नये हे नक्की. आबांच्या तोंडावर तेच उमटत होतं. ते परत निमोण्याच्या दिशेने बघत होते.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं.

मी खरं बोललो नाही. "स्विच गळतोय," एवढंच म्हणालो. कुणामुळे ते सांगितलं नाही. पान्याने स्विच घट्ट आवळला, मनगट दुखेपर्यंत. पण गेलेलं तेल कुठून आणायचं? इंजिन धरलेलं नव्हतं, हाताच्या मागच्या बाजूने चाचपून बघितलं, नेहमीपेक्षा थोडंच जास्त तापलं होतं. दोन-अडीच शेर तेल मिळालं असतं तर सुटलो असतो. सव्वादोन वाजले होते.

"ते इंजिन," विमल म्हणाली.

रस्त्यापासून दोन वावरं आत विहिरीवर डिझेल इंजिनाची खोप होती. आम्ही धावत गेलो. आत इंजिन झेंडूने मढवलेलं, चाकाला कुंकू, आणि शेजारी पाटावर तेलाचा मोठा डबा, त्यालाही हळदीची बोटं. खोपीच्या दारात एक म्हातारा बसला होता. आबांनी नाव, गाव सांगितलं आणि तेल मागितलं.

"तेल हाय की," म्हातारा म्हणाला. "पर आज डबा हलवायचा न्हाई, पाटील. उद्या या."

"अहो, पोरीची गाडी चुकंल!"

"चुकंल तर चुकंल. माझं इंजान बंद पडलं तर तुम्ही येनार हाय का पानी पाजायला?"

आबांचा आवाज चढला, तसा म्हाताऱ्याचा जबडा आवळला गेला. मी मध्ये पडू शकत नव्हतो. माझं आडनाव विचारलं असतं तर डबाच काय, खोपीबाहेर उभं राहणंही मुश्कील झालं असतं. तेवढ्यात विमल त्याच्यापुढे उकिडवी बसली.

"बाबा, डबा हलवायचा नाही, खरंय. डबा नाहीच हलवायचा. तेल तेवढं काढू द्या. डबा जागच्या जागी राहील, कुंकूसुद्धा पुसणार नाही."

म्हाताऱ्याने डब्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि बोळक्या तोंडाने हसला. "कुनाची गं तू? वकिलीन व्हनार हाय का?"

"नर्स."

"काड. पर सांडू नगंस."

गाडीतला पाण्याचा तांब्या आणला. मी डब्यात बुडवून भरायचा, आबा दोन्ही हातांनी धरून ढेकळांतून पळायचे, विमल तिकडे इंजिनात ओतायची. मग तीच रिकामा तांब्या घेऊन पळत यायची. असे पाच तांबे. डिझेल इंजिनाचं तेल, मोटारीला द्यायचं नाही असं, पण अशा वेळी तेलाची जात कोण विचारतो. किल्ली फिरवली, दिवा लागला. स्टार्टर मारला. एक, दोन, तीन असं मी मनात मोजलं, आणि दिवा विझला. म्हातारा खोपीच्या दारातून बघत होता. त्याने हात वर केला.

पुढच्या रस्त्यात मी एकदाही रस्ता बघितला नाही, दिवाच बघत होतो.

दौंडला पोचलो तेव्हा गाडी फलाटाला लागलेली होती आणि फलाटावर मुंगी शिरायला वाट नव्हती. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची नागपूरची गाडी म्हणजे आमच्या लोकांची गाडी. दीक्षाभूमीला निघालेली माणसं, पांढऱ्या साड्या, निळी निशाणं, खिडक्यांतून घोषणा. बायकांच्या डब्याच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. आबा तिथेच थबकले. त्यांनी त्या डब्याकडे बघितलं, विमलकडे बघितलं.

"ह्यात कशी पाठवू एकटी?" ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे, इमल. परत जाऊ. पुढल्या साली बघू."

गर्दी हे एक कारण होतं. दुसरं त्यांनी तोंडातून काढलं नाही, पण मी तिथेच उभा होतो. विमल ट्रंकेचं कडं घट्ट धरून उभी राहिली.

माझी आई दर दसऱ्याला दीक्षाभूमीला जायची, आणि त्या दिवशी त्याच गाडीने निघालेली होती. मी खिडक्या शोधत, ओरडत पुढे पळालो, आणि तिसऱ्या खिडकीत ती सापडली.

"आई, एक पोरगी हाय. नागपूरपर्यंत न्यायचीय."

"कुनाची रं?"

"निमोण्याच्या पाटलांची."

आईने माझ्या खांद्यावरून मागे आबांकडे बघितलं. आबांनी नजर वळवली. निमोण्याच्या शिवारात आई तरुणपणी खुरपायला गेली होती, हे मला माहीत होतं, आणि तिथे पाणी कसं वरून ओतून देत हेही तिने सांगितलेलं होतं. मग ती बाकावरून सरकली.

"ट्रंक आत घे. ये गं बाय, हितं माज्यापाशी बस."

दारातून जाणं शक्य नव्हतं. विमलने आबांकडे न बघता खिडकीत पाय ठेवला, आईने आणि आणखी दोघींनी तिला हाताला धरून आत ओढलं. गाडीने शिट्टी दिली तेव्हा आबा खिडकीशी आले.

"मामा येईल स्टेशनवर. तवर..."

"माझी म्हनून नेते, पाटील," आई म्हणाली.

आबांचे हात जोडले जाऊ लागले होते. ते छातीपर्यंत पोचायच्या आत गाडी हलली आणि त्यांनी ते खाली घेतले.

विमल नर्स झाली, पुढे मेट्रन झाली, विदर्भातच राहिली. तिची पत्रं आबांना येत, आणि आई होती तोवर वर्षातून एक आईलाही येई. ती पत्रं मीच आईला वाचून दाखवायचो. ढिल्या स्विचबद्दल तिने कधी काही लिहिलं नाही. मला वाटतं तिच्या लक्षात आलं होतं, कारण मी पाना खिशातून काढला तेव्हा ती शेजारीच उभी होती.

परतताना आबा समोर बघतच म्हणाले, "किसन, स्विच कशानं गळत व्हता?"

"माझ्यामुळं," मी म्हणालो. "पाना लावायचा राहिला. आक्काला पिचकारी दाखवायच्या नादात."

मला वाटलं ते गाडी थांबवून मला उतरवतील. त्यांनी गिअर बदलला आणि गाडी चालवत राहिले.

दिवस मावळताना वाड्यापुढे पोचलो. आक्का ओट्यावर त्याच जागी बसली होती. दुपारपासून हलली होती की नाही कोण जाणे.

"मिळाली का गाडी?"

"मिळाली."

"दिवा लागला व्हता का वाटंत?"

मी तोंड उघडलं. आबा माझ्या आधी बोलले. "न्हाई लागला. सरळ गेलो."

आक्काने मान माझ्याकडे वळवली. "व्हय रं? खरं बोलतोय का ह्यो?"

यंत्राबद्दल मी कधी खोटं बोललो नाही, असं मी आयुष्यभर सांगत आलो. त्या संध्याकाळी म्हणालो, "व्हय, आक्का. न्हाई लागला."

ती उठली, पायऱ्या उतरून खाली आली. आबांच्या धोतराचा सोगा तिने चिमटीत धरला आणि वर केला. गुडघ्यापासून खालपर्यंत काळ्या तेलाचे ओघळ होते. आम्हा दोघांनाही ते दिसले नव्हते. ती ओघळांकडे बघत राहिली. आबांनी खाली मान घातली, मी पिशवीचा बंद आवळत बसलो.

"पोरगी बसली न्हवं गाडीत? डोळ्यानं बघितलंस?"

"बघितलं," आबा म्हणाले. "ह्याच्या आईपाशी बसलीय."

आक्काने सोगा सोडला. "धोतर काडून दे, राख लावून ठिवते. डाग बसंल." ती पायऱ्या चढायला लागली आणि मध्येच वळली. "आन् उद्या सोनं द्यायला गाव येईल, दिव्याचं इचारंल. दोघंबी एकच सांगा. एकानं एक, दुसऱ्यानं दुसरं, असं करू नगासा."

आबा गेले, आक्का तर केव्हाच गेली. आज लिहायला बसेपर्यंत मी तेच सांगत होतो, की वाटेत दिवा लागला नाही.